धण्यातलं लिनालूल, ड्रममधलं लिनालूल

मुंब्र्यात किंवा राबोडीत अत्तराच्या दुकानात गेलात तर काचेवर 'अल्कोहोल-फ्री' अशी पट्टी हमखास दिसते. दुकानदार फसवत नाही. त्याच्या मनातलं अल्कोहोल म्हणजे इथेनॉल: दारूत असतं ते, आणि स्प्रेच्या सेंटमध्ये सुगंध पातळ करायला घालतात ते. ते त्याच्या कुपीत नाही. पण रसायनशास्त्राच्या हिशेबाने पाहिलं तर त्या कुपीत अल्कोहोलच अल्कोहोल आहे. गुलाबाच्या अत्तरातलं जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल, चंदनाच्या तेलातलं सँटॅलॉल, मोगऱ्यातलं लिनालूल, सगळी अल्कोहोलंच.

यात दचकण्यासारखं काही नाही. रेणूतल्या कार्बनला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी चिकटलेली असली की रसायनशास्त्र ढोबळमानाने त्याला अल्कोहोल म्हणतं. बामातलं मेंथॉल अल्कोहोल आहे. रक्ताच्या रिपोर्टात आपली झोप उडवणारं कोलेस्टेरॉलही अल्कोहोल आहे. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मला क्रीमची डबी दाखवून विचारलं होतं, "अगं, यावर अल्कोहोल लिहिलंय, हे लावून देवाला हात लावलेला चालेल ना?" डबीवर होतं सिटाइल अल्कोहोल, जे मेणासारखं घट्ट असतं आणि क्रीमला दाटपणा आणतं. त्याने नशा येणं तर दूरच, ते धड ओतताही येत नाही. काकूंनी तरी दुसरी डबी घेतली. असो.

या कुटुंबातलं मला सगळ्यात जवळचं म्हणजे लिनालूल. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका लहानशा युनिटच्या लॅबमध्ये मी कामाला होते. साबण, उदबत्ती आणि फरशी पुसायच्या लिक्विडसाठी सुगंधाची कंपाउंडं, म्हणजे तयार मिश्रणं, तिथे बनत. जवळजवळ प्रत्येक फॉर्म्युल्यात या लिनालूलबाईंची हजेरी असायचीच. साबण, शाम्पू, डिटर्जंट, सेंट, टाल्कम पावडर अशा ज्या ज्या वस्तूला 'फुलांचा ताजा वास' द्यायचा, तिथे लिनालूल जातं. त्याबद्दल लोकांमध्ये दोन टोकांची मतं ऐकू येतात: 'नैसर्गिक आहे, म्हणजे चांगलंच' किंवा 'केमिकल आहे, म्हणजे वाईटच'. दोन्ही मतं रेणूला न भेटताच बनलेली आहेत.

तुमच्या मसाल्याच्या डब्यात

लिनालूलला भेटायचं तर परफ्यूमच्या दुकानात जायला नको. वाशीच्या एपीएमसीतल्या मसाला मार्केटात जा किंवा स्वयंपाकघरातला डबा उघडा. धण्याचे चार-पाच दाणे तळहातावर घ्या, अंगठ्याने जोर लावून फोडा आणि लगेच वास घ्या. आधी थोडा लाकडी, कोरडा वास येतो. त्याच्या मागून गोडसर, फुलासारखा, किंचित लिंबूवर्गी वास येतो. 'धण्याला फुलाचा वास?' असं वाटत असेल तर डोळे मिटून पुन्हा घ्या. तो दुसरा वास लिनालूलचा आहे. धण्यातलं सुगंधी तेल काढलं तर त्यात साधारण साठ ते ऐंशी टक्के एवढं एकच द्रव्य असतं.

मार्केटात धणे बदामी, ईगल, स्कूटर अशा नावांनी विकले जातात. माल येतो राजस्थानातल्या रामगंज मंडीकडून, गुजरातेतल्या गोंडलहून, मध्य प्रदेशातून. गिऱ्हाईक टपोरा, हिरवट दाणा बघून खूश होतं आणि त्याला भावही चांगला मिळतो. वासाचा हिशेब मात्र बराचसा उलटा आहे. आपला मोठ्या दाण्याचा धणा तेलाच्या बाबतीत गरीब असतो, कितीतरी वेळा अर्धा टक्काही तेल त्यात नसतं. रशिया आणि पूर्व युरोपात पिकणारा बारीक दाण्याचा धणा दिसायला किरकोळ, पण त्यात एक टक्का किंवा त्याहूनही जास्त तेल निघतं. धण्याचं तेल गाळायचा धंदा तिकडे वाढला तो यामुळे. आपण धणा पिकवतो तो मसाल्याला आणि रश्शाला दाटपणा आणायला, आणि त्या कामाला मोठा दाणा उत्तम.

एक गोष्ट मला अजूनही गमतीची वाटते. ज्या झाडाला धणे लागतात, त्याच झाडाची कोथिंबीर. पण कोथिंबिरीचा वास धण्यासारखा अजिबात नसतो. पानात लिनालूल थोडंच. तिथे राज्य असतं अल्डिहाइड नावाच्या वेगळ्या मंडळींचं. कोवळ्या हिरव्या धण्यातही हीच अल्डिहाइडं भरलेली असतात, म्हणून तो चुरडला की काहींना ढेकणाची आठवण होते. उगाच नाही, ढेकणाच्या वासातही याच जातीची द्रव्यं आहेत. दाणा पिकत जातो तशी अल्डिहाइडं साठवणाऱ्या बाहेरच्या नळ्या सुकून चपट्या होतात आणि आतल्या नळ्यांमधलं लिनालूलवालं तेल उरतं. शेतात धणा पूर्ण वाळू देतात त्यामागे टिकाऊपणा आहे तसा हा वासाचाही मुद्दा आहे.

दाण्याच्या पोटात या नळ्या शाबूत असतील तोवर तेल आत राहतं. दळलं की नळ्या फुटतात आणि वास बाहेर पडायला लागतो. लिनालूल उकळतं 198 अंश सेल्सियसच्या आसपास, पण उडून जायला त्याला उकळावं लागत नाही. महिनोन् महिने डब्यात पडलेली धणेपूड मातीसारखी लागते ती म्हणून. धणे भाजतानाही लिनालूल थोडं उडतं, आणि त्या जागी भाजल्याचा खमंग वास तयार होतो. एप्रिल-मे महिन्यात घणसोली, कोपरखैरणे, कळवा भागात आगरी मसाल्यासाठी धणे, मिरच्या, खडा मसाला भाजून कांडपाला नेतात तेव्हा रस्त्यापर्यंत जो घमघमाट येतो, त्यात धण्यातून निसटलेलं लिनालूलही असतं. मसाल्याला आपण जे देतो त्यातलं काही वाऱ्यालाही देतो. तरी भाजणं चुकीचं नाही. खमंगपणा आणि फुलाचा गोडवा यातलं एक निवडायचं असतं. मला स्वतःला वरणाच्या फोडणीत कच्चे, नुकते कुटलेले धणे आवडतात.

धणे सोडले तरी यादी मोठी आहे. मोगरा, जाई, लव्हेंडर, संत्री, वेलची, पिझ्झा-पास्त्यावर घालतात त्या बेसिलच्या काही जाती. ही बेसिल म्हणजे आपल्या सब्जाचीच जात. चहातलं लिनालूल तर फार हुशारीने ठेवलेलं असतं: पानात ते साखरेच्या रेणूला बांधलेलं असतं आणि बांधलेलं असताना त्याला वास नसतो. कारखान्यात पान कोमेजवून चुरगळलं की एन्झाइम ती गाठ सोडवतात. दार्जिलिंग चहाच्या फुलांसारख्या वासात या सुटलेल्या लिनालूलचा मोठा वाटा आहे. आपल्या टपरीच्या आलं घातलेल्या उकळी चहात तो शोधायला जाऊ नका.

झाडाला याचं काय

झाड सेंट लावून बसलेलं नसतं. झाडाच्या पेशीत पाच-पाच कार्बनचे तुकडे जोडून दहा कार्बनची एक साखळी तयार होते आणि लिनालूल सिंथेस नावाचं एन्झाइम एका पावलात तिचं लिनालूल करून टाकतं. हे एन्झाइम वेगळं काढून नीट ओळखलं गेलं ते 1990 च्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या क्लार्किया ब्रूअरी या रानफुलाच्या अभ्यासात. या फुलाच्या नात्यातली इतर फुलं बिनवासाची आहेत. ब्रूअरी मात्र लिनालूल भरभरून सोडतं आणि निशाचर पतंगांना बोलावतं. मोगराही संध्याकाळी उमलतो आणि वास तेव्हाच चढतो. त्यातही लिनालूल आहे, पण एकटं नाही. बेंझाइल अॅसिटेट, थोडंसं इंडोल आणि इतर बरीच मंडळी मिळून 'मोगरा' होतो. जांभळी नाक्यावर गजरा घेताना आपण ज्याला वास म्हणतो तो एक घोळका असतो.

पानात आणि खोडात हेच लिनालूल वेगळं काम करतं. काही किडींना ते सोसत नाही. पाळीव कुत्र्या-मांजरांच्या पिसवांवरच्या काही औषधांत ते घालतात ते याच गुणामुळे. एकाला आमंत्रण आणि दुसऱ्याला दार बंद, एकाच रेणूने.

उजवं आणि डावं

आता जरा अवघड भाग, पण पुढचं सगळं यावर उभं आहे.

लिनालूलचं सूत्र दहा कार्बन, अठरा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. त्यातल्या एका कार्बनला चार वेगवेगळे गट लागलेले आहेत. अशा कार्बनभोवती चार गट दोन पद्धतींनी मांडता येतात आणि त्या दोन मांडण्या म्हणजे उजव्या आणि डाव्या पायातली चप्पल. माप एक, चामडं एक, शिवण एक. तरी उजवी चप्पल डाव्या पायात नीट बसत नाही. आपल्या नाकातले वास ओळखणारे ग्राहक म्हणजे पाय. म्हणून दोन्ही लिनालूलांचा वास वेगळा येतो.

एकाला लिकेरिऑल म्हणतात. ते लव्हेंडरमध्ये असतं, वास थोडा लाकडी, लव्हेंडरकडे झुकणारा. दुसरं कोरिअँड्रॉल, नावातच धणे. ते धण्यात आणि गोड संत्र्यात बहुतांश असतं, वास जास्त गोड, संत्र्याच्या पानांसारखा. लिकेरिऑल नाकाला फारच थोड्या मात्रेत कळतं. कोरिअँड्रॉल कळायला त्याच्या कितीतरी पट लागतं. झाडाचं एन्झाइम स्वतः एका बाजूचं असल्यामुळे ते मुख्यतः एकाच बाजूचा माल काढतं. कारखान्यातल्या साध्या रासायनिक क्रियेला डावं-उजवं कळत नाही, त्यामुळे तिथे सहसा दोन्ही निम्मं-निम्मं तयार होतं.

'नैसर्गिक आणि कृत्रिम रेणू अगदी सारखाच असतो' असं विज्ञानवाले ठासून सांगतात. मीही सांगते. पण लिनालूलच्या बाबतीत ते वाक्य अर्धं आहे. धण्यातला कोरिअँड्रॉलचा रेणू आणि कारखान्यातून येणाऱ्या ड्रममधला कोरिअँड्रॉलचा रेणू यांत तसूभर फरक नाही. फरक असा की ड्रममध्ये त्याच्या जोडीला तितकंच लिकेरिऑल आहे, आणि धण्यातल्या तेलात त्याच्या सोबतीला इतर डझनावारी द्रव्यं आहेत.

जंगल तोडून, मग राळेतून, मग तेलातून

सुरुवातीला परफ्यूमवाल्यांना लिनालूल मिळायचं ते झाडांतूनच. सगळ्यात नावाजलेलं झाड अॅमेझॉनच्या जंगलातलं रोझवूड. त्याच्या लाकडातून निघणाऱ्या तेलात ऐंशी-नव्वद टक्के लिनालूल. पण तेल लाकडात असल्यामुळे अख्खं झाड पाडायचं, त्याचे तुकडे करायचे, वाफेवर ऊर्ध्वपातन करायचं. लाकडाच्या वजनाच्या जेमतेम एक टक्का तेल. विसाव्या शतकात ब्राझीलमध्ये आणि फ्रेंच गयानात हे इतकं चाललं की नदीकाठची झाडं संपली आणि तोडणारे आणखी आत शिरले. 2010 साली या झाडाचा समावेश धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. म्हणजे आता कागदपत्रांशिवाय त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही.

भारतातही एक प्रयोग झाला. मेक्सिकोतलं लिनॅलो नावाचं झाड कर्नाटकात लावलं गेलं. अभिनेत्री देविका राणी आणि त्यांचे पती, चित्रकार स्वेतोस्लाव रोरिक यांची बेंगळुरूजवळ कनकपुरा रस्त्यावर तातगुणी इस्टेट होती. तिथे या झाडांची मोठी लागवड होती. या झाडाच्या फळांपासूनही तेल निघतं, त्यामुळे दर वेळी झाड पाडावं लागत नाही. पूर्व आशियात कापराच्या झाडाची एक जात आहे, जिच्या तेलात कापराऐवजी लिनालूलच भरलेलं असतं. हो-वूड तेल म्हणतात त्याला, आणि आज रोझवूडची जागा बऱ्याच अंशी त्याने घेतली आहे.

पण साबण-डिटर्जंटला जेवढं लिनालूल लागतं, तेवढं कुठलंच जंगल पुरवू शकलं नसतं. ते येतं दोन मोठ्या वाटांनी. पहिली वाट पाइनच्या राळेची. राळेतून टर्पेंटाइन, टर्पेंटाइनमधून पाइनीन, मग त्यावर हायड्रोजन, हवा आणि शेवटी कडक उष्णता असे संस्कार करून लिनालूल. दुसरी वाट खनिज तेलाची. नखांचा रंग काढायला वापरतात ते अॅसिटोन आणि वेल्डिंगचा अॅसिटिलीन वायू यांपासून सुरू करून पायरी-पायरीने लिनालूलपर्यंत येतात. ही वाट गेल्या शतकाच्या पन्नाशीत पक्की झाली, आणि ती घालण्यात पुढाकार स्वित्झर्लंडच्या रोश या औषध कंपनीचा होता. औषध कंपनीला सुगंधाचं काय पडलं होतं? तिला हवी होती जीवनसत्त्वं. ए आणि ई जीवनसत्त्वं कारखान्यात बनवताना वाटेत याच कुटुंबातले रेणू लागतात. तुमच्या शाम्पूतला फुलांचा वास आणि केमिस्टकडची ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल हे दूरचे भाऊबंद आहेत.

'नॅचरल' पकडायचं कसं

लव्हेंडरचं अस्सल तेल महाग आणि कारखान्यातलं लिनालूल स्वस्त. अशा ठिकाणी भेसळ झाली नाही तरच नवल. लॅबमध्ये सॅम्पल आलं की आम्ही ते गॅस क्रोमॅटोग्राफला लावायचो. सगळे त्याला नुसतं जीसी म्हणतात. मशीन तेलातली द्रव्यं एकेक वेगळी काढतं आणि कागदावर टोकदार शिखरांची रांग उमटते. मशीनमधली द्रव्यं वेगळी करणारी नळी म्हणजे कॉलम. साध्या कॉलमवर लिनालूलचं एकच शिखर दिसतं. ते लव्हेंडरचं की ड्रमचं, कळत नाही. डावं-उजवं ओळखणारा खास कॉलम लावला तर त्याची दोन शिखरं होतात. अस्सल लव्हेंडरमध्ये लिकेरिऑलचं शिखर ताठ उभं आणि दुसरं अगदी बुटकं. दोन्ही शिखरं खांद्याला खांदा लावून उभी दिसली की समजायचं, कोणीतरी ड्रममधलं ओतलंय. खनिज तेलाच्या वाटेने आलेल्या मालात डीहायड्रोलिनालूल नावाच्या मधल्या पायरीचे अंशही कधीकधी सापडतात, तोही पुरावाच.

आणखी एक कसोटी आहे, कार्बन-14 ची. जिवंत झाड हवेतून थोडासा किरणोत्सारी कार्बन घेतं. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली राहिलेल्या खनिज तेलात तो संपलेला असतो. त्यामुळे अॅसिटोनच्या वाटेचं लिनालूल या कसोटीत पकडलं जातं. पण राळेच्या वाटेचं पकडलं जात नाही, कारण पाइनचं झाड काल-परवापर्यंत जिवंत होतं! 'प्लांट-बेस्ड' असं मोठ्या अक्षरात छापलेल्या बाटलीतलं लिनालूल याच वाटेचं असू शकतं. ते वनस्पतीपासून आलंय हे खरं. फुलातून आलंय असं कोणी म्हटलेलं नाही. ते आपण ऐकतो.

खाण्याच्या पदार्थांवर 'नॅचरल', 'नेचर-आयडेंटिकल' आणि 'आर्टिफिशियल' असे फ्लेवरचे प्रकार लिहिलेले दिसतात, तेही याच हिशेबाने. निसर्गात सापडणारा रेणू रासायनिक क्रियेने बनवला असेल तर तो नेचर-आयडेंटिकल. पीच, लिची, ब्लूबेरी, संत्रं, वेलची अशा बऱ्याच इसेन्सांत लिनालूल अगदी चिमूटभर असतं. चिमूटभरच पुरतं, कारण पाण्यात अब्जात सहा भाग एवढं असलं तरी ते नाकाला कळतं. आंबट सरबतात मात्र ते फार टिकत नाही; आम्लात त्याचं हळूहळू टर्पिनिऑल होतं. डब्यातला संत्र्याचा रस जुना झाला की जो शिळकट, लाकडी वास येतो त्यात या टर्पिनिऑलचा हात असतो.

पट्टीवरचा वास

परफ्यूमरच्या टेबलावर वासाच्या कागदी पट्ट्यांचा गठ्ठा असतो. ब्लॉटर म्हणतात. पट्टीचं टोक लिनालूलमध्ये बुडवलं की लगेच हलका, स्वच्छ, जरासा लिंबासारखा आणि जरासा लाकडी वास येतो. त्यात कुठलंच एक फूल ओळखू येत नाही आणि हेच त्याचं बळ. गुलाबाजवळ ठेवलं तर गुलाब ताजा वाटतो, लिंबाजवळ ठेवलं तर लिंबू मऊ होतं. सकाळी बुडवलेल्या पट्टीवर दुसऱ्या दिवशी हुंगायला फारसं काही उरत नाही. म्हणून ते सेंटच्या सुरुवातीच्या वासात मोडतं, टॉप नोटमध्ये. शाम्पूची बाटली उघडताच मन प्रसन्न होतं आणि केस वाळेपर्यंत तो ताजेपणा गायब झालेला असतो, याचं एक कारण हेच. दुकानात आपण बाटली उघडून हुंगतो, केस वाळवून नाही, हे कंपन्यांना चांगलं ठाऊक आहे.

लेबलवर नाव का येतं

शाम्पूच्या बाटलीमागे बारीक अक्षरात लिनालूल, लिमोनिन अशी नावं असतात. त्यांना लाल गोल करून 'हे विष तुमच्या घरात' असे मेसेज फिरतात. नाव तिथे येण्याचं कारण युरोपचा कायदा. 2003 साली युरोपियन युनियनने 26 सुगंधी द्रव्यांची यादी ठरवली: काही लोकांच्या त्वचेला यांची अॅलर्जी येऊ शकते, तेव्हा ठरावीक मर्यादेवर असतील तर नाव छापा. 2005 पासून ते लागू झालं. अंगावर तशाच राहणाऱ्या वस्तूत 0.001 टक्के आणि धुऊन टाकायच्या वस्तूत 0.01 टक्के ही ती मर्यादा. 2023 च्या नव्या नियमाने ही यादी ऐंशीच्या पुढे गेली आहे. यातली बहुसंख्य बंदी घातलेली द्रव्यं नाहीत. ज्याला आपल्याला कशाची अॅलर्जी आहे ते माहीत आहे, त्याला निवड करता यावी एवढाच हेतू.

आता गंमत अशी की शुद्ध, ताजं लिनालूल अॅलर्जीच्या बाबतीत अगदी मवाळ आहे. हे स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी नीट उलगडलं. त्यांनी लिनालूल आठवडेच्या आठवडे हवेत उघडं ठेवलं. हवेतला ऑक्सिजन त्याला हळूहळू चिकटत गेला आणि हायड्रोपेरॉक्साइड नावाची द्रव्यं तयार झाली. त्वचेला चिथावतात ती ही. मग त्यांनी लव्हेंडरचं तेलही तसंच उघडं ठेवून पाहिलं. नैसर्गिक तेलातली इतर द्रव्यं लिनालूलचं रक्षण करतील असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तेही तसंच बिघडलं.

म्हणून सुगंध उद्योगाच्या इफ्रा या संस्थेचा नियम लिनालूलच्या उगमाबद्दल काही विचारत नाही. तो विचारतो पेरॉक्साइड, म्हणजे हीच बिघडून तयार झालेली द्रव्यं, किती: लिटरमागे 20 मिलिमोलच्या (रेणूंची संख्या मोजायचं एकक) आत हवं, मग माल फुलातला असो की टाकीतला. ते कमी राहावं म्हणून ड्रममध्ये बीएचटी हे हवेने होणारा बिघाड रोखणारं रसायन किंवा ई जीवनसत्त्व घालतात. ज्याच्या कुळातून ई जीवनसत्त्व बनतं, त्यालाच सांभाळायला ते परत येतं, हे मला फार आवडतं.

सगळ्यांनी घाबरून साबण बदलावा असं यात काही नाही. धुऊन टाकायच्या वस्तूत लिनालूल थोडं असतं आणि त्वचेवर थांबतही नाही. पण कानामागे, मानेवर, काखेत वारंवार लाल चट्टे उठत असतील तर सेंट आणि डिओ काही दिवस बंद ठेवून बघावं, आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे पॅच टेस्ट करून घ्यावी. तिथे हवेत ठेवून मुद्दाम जुनं केलेलं लिनालूल पाठीवर लावून पाहतात, कारण ताज्याने बऱ्याचदा काहीच दिसत नाही.

झोपेसाठी उशीवर लव्हेंडर शिंपडणाऱ्यांसाठी एक शब्द. 2018 मध्ये जपानच्या कागोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना लिनालूलचा वास दिला, तेव्हा त्यांची भीती कमी झालेली दिसली. नाकाची वास घेण्याची ताकद घालवलेल्या उंदरांवर तो परिणाम झाला नाही. म्हणजे काम वासाने झालं, रक्तात शिरून नव्हे. प्रयोग देखणा आहे. पण तो पेटीतल्या उंदरांचा आहे, रात्रीची शेवटची पनवेल लोकल पकडून घरी आलेल्या माणसाचा नाही. बरं वाटत असेल तर खुशाल शिंपडा. त्यासाठी हजारांत पैसे मोजू नका.

आणि मोजलेच असतील तर बाटली जपा. आपल्याकडची हवा दमट आणि गरम, त्यात बाटली खिडकीत उन्हात ठेवायची हौस. लव्हेंडरचं किंवा संत्र्याचं तेल गडद काचेच्या लहान बाटलीत, झाकण घट्ट लावून, जमलं तर फ्रिजमध्ये ठेवावं. मोठ्या बाटलीत तळाशी थोडंसं उरलं असेल तर लहान बाटलीत ओतून घ्यावं, कारण रिकाम्या जागेतली हवाच ते बिघडवते. कधी उघडलं ते आठवत नसेल, वास उग्र किंवा चिकट-तेलकट झाला असेल, तर ते अंगाला लावू नये. टाकवत नसेल तर फरशी पुसायच्या पाण्यात दोन थेंब घाला, आणि हातमोजे घाला.